निम्मे सोडले, तर काय सोडले?

थोडेसे चांगले करण्यात काही अर्थ आहे का, की करायचे तर पूर्णच करायला हवे? साधनेची नुकती सुरुवात केलेल्या बहुतेकांना हा प्रश्न पडतो. रोज तासभर ध्यान जमत नाही, मग वीस मिनिटे बसून काय मिळणार? रागावर पूर्ण ताबा नाही, मग एखाद्या दिवशी तो आवरला तर त्याला काय किंमत? हाच प्रश्न टोमॅटोच्या शेतातही उभा राहतो. तिथे तो अधिक अवघड असतो, कारण उत्तर चुकले तर एका घराचे वर्षाचे उत्पन्न जाऊ शकते.

आज अनेक भाजीपाला उत्पादक रासायनिक खताची मात्रा काही प्रमाणात कमी करतात आणि त्या जागी शेणखत, गांडूळखत व त्यांचे अर्क वापरतात. जीवामृत, शेणाची स्लरी, पंचगव्य, गांडूळखतातून झिरपलेले व्हर्मिवॉश हे त्यांतले परिचित प्रकार. कोणी पाव मात्रा कमी करतो, कोणी निम्मी. अर्क गाळून ठिबकमधून सोडतात, आळवणी करतात किंवा पातळ करून फवारतात. कृषी विद्यापीठे शेणखत, जिवाणू खते आणि रासायनिक खते यांच्या अशा मेळाला एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन म्हणतात. पण ‘सेंद्रिय’ आणि ‘रासायनिक’ अशा दोन गटांच्या वादात या मधल्या माणसाला कुठेच जागा नसते. एका गटाला तो अर्धवट वाटतो, दुसऱ्याला भाबडा.

माझे मामा फलटण भागात टोमॅटो आणि वांगी लावतात. मी बेंगळुरूत वाणिज्य शाखेत शिकते आणि जमेल तशी अनुवादाची सेवा करते, हे त्यांना ठाऊक आहे. सेंद्रिय शेतीवरचा एक अनुवादित लेख मी त्यांना पाठवला, तेव्हा ते फोनवर म्हणाले, “अगं, यात लिहिलंय तसं सगळंच सोडलं तर घर कसं चालवू? आणि निम्मं सोडलं, तर तुमच्या लेखी त्याला काही किंमत आहे का?”

त्यांचा दुसरा प्रश्न आपल्या सर्वांसाठी आहे.

‘खत’ हा एकच शब्द

इंग्रजीत शेणखतासाठी एक शब्द आहे आणि कारखान्यातल्या खतासाठी दुसरा. मराठीत आपण दोन्हींना ‘खत’च म्हणतो. कन्नडमध्येही तसेच आहे. ‘गोब्बर’ हा शब्द गोठ्यातल्या खतालाही चालतो आणि युरियाच्या पोत्यालाही. अनुवाद करताना हे लक्षात आले, तेव्हा वाटले की शेतकऱ्याच्या भाषेने एकाला पुण्य आणि दुसऱ्याला पाप ठरवलेले नाही. पिकाला जे खाऊ घालायचे, ते खत.

शास्त्रही याच्या फार विरोधात नाही. मूळ नत्र शोषते ते मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात. ते गोठ्यातून आले की कारखान्यातून, याची चौकशी मूळ करत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला आणि १९१३ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातील जवळपास निम्म्या लोकांचे अन्न या प्रक्रियेतून आलेल्या नत्रावर पिकते, असा अंदाज सांगितला जातो. ज्या खतामुळे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने धान्यटंचाईतून सुटका पाहिली, त्याला सरसकट ‘विष’ म्हणणे कृतज्ञतेला धरून होणार नाही.

मग अडचण कुठे आहे? ती मात्रेत आहे आणि एकतर्फी व्यवहारात आहे. घातलेल्या नत्रापैकी बऱ्याचदा निम्माही पिकाच्या वाट्याला येत नाही. काही हवेत जातो, काही पाण्याबरोबर खाली झिरपतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम मानली आहे, आणि देशाच्या अनेक भागांतल्या विहिरी व बोअरवेल ती ओलांडतात. दुसरीकडे, वर्षानुवर्षे फक्त पोत्यातले खत दिले आणि शेणखत, पालापाचोळा बंद केला, की मातीतला सेंद्रिय कर्ब घटत जातो. माती घट्ट होते, पाणी धरत नाही, आणि तेवढ्याच पिकासाठी पुढच्या वर्षी जास्त खत लागते.

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देणे-घेण्याच्या चक्राचा विचार आहे. मिळालेले परत न करता केवळ भोगणाऱ्याला तिथे चोराच्या पंक्तीत बसवले आहे. खताकडे या नजरेने पाहिले, तर विचारायचा प्रश्न बदलतो. मातीतून जेवढे घेतले, त्यातले तिला काय परत दिले?

जमाखर्च

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने मला आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे सुमारे २० किलो ७०० ग्रॅम. सरकारी अनुदानामुळे हे पोते शेतकऱ्याला साधारण २६६ रुपये ५० पैशांना मिळते. खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो, पण तो पोत्यावर दिसत नाही.

आता जीवामृत पाहू. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेली ही कृती आज देशभर माहीत आहे. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. एका एकरासाठी २०० लिटर पाणी, १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घ्यायची. सावलीत दोन दिवस ठेवून अधूनमधून ढवळायचे. या सगळ्यातले नत्र मोजले, तर ते फार तर पाव किलोच्या आसपास भरते. टोमॅटोच्या पिकाला एकरी ४० किलोहून अधिक नत्र लागते. म्हणजे पिंप महिन्यातून दोनदा दिले, तरी केवळ वजनाच्या हिशेबात ते पोत्याची जागा घेऊ शकत नाही.

मग अर्क निरुपयोगी आहे का? तसे नाही. अर्काचे काम विरजणासारखे आहे. चमचाभर विरजणाने भांडेभर दूध लागते, पण त्यासाठी भांड्यात दूध असावे लागते. अर्कातले जिवाणू, गूळ आणि बेसन मातीतल्या सूक्ष्म जिवांना चालना देतात, आणि ते जीव शेणखतात, पालापाचोळ्यात, मातीत अडकलेले अन्न मुळांसाठी मोकळे करतात. शेतात शेणखतच पडलेले नसेल आणि पिकाचे अवशेष जाळले असतील, तर नुसता अर्क जुन्या शिलकीतून काढत राहतो. पहिली एक-दोन वर्षे पीक बरे दिसते आणि नंतर उतरते. आम्हाला हिशेबात शिकवतात की भांडवल मोडून वाटलेल्या पैशाला नफा म्हणू नये. इथेही तेच आहे.

याउलट १० टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात सुमारे ५० किलो नत्र असते. ते सगळे पहिल्याच हंगामात हाती येत नाही. थोडे या वर्षी, थोडे पुढच्या वर्षी असे मुदत ठेवीसारखे मिळते. म्हणून भाजीपाल्यात अर्ध्या बदलाचा अर्थ असा लागतो: शेणखत किंवा कंपोस्ट ही ठेव, अर्क हे विरजण, आणि फुले-फळे लागताना पिकाची भूक एकदम वाढते तेव्हा मोजून दिलेले रासायनिक खत हा चालू खर्च. तिन्हींची कामे वेगळी आहेत. एकाचे काम दुसऱ्यावर ढकलले की तूट येते.

जीकेव्हीकेच्या लाल मातीत

बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या जीकेव्हीके परिसरात १९७८ पासून पावसाच्या पाण्यावरच्या नाचणीचा एक दीर्घ प्रयोग चालत आला. जमिनीच्या काही तुकड्यांना काहीच दिले नाही. काहींना हेक्टरी १० टन शेणखत, काहींना शेणखत आणि रासायनिक खताची निम्मी मात्रा, काहींना शेणखत आणि पूर्ण मात्रा, तर काहींना फक्त रासायनिक खत. ही वाटणी वर्षानुवर्षे तशीच ठेवली.

फक्त रासायनिक खतावरच्या तुकड्यांचे उत्पादन काळाच्या ओघात उतरत गेले. शेणखताबरोबर रासायनिक खत मिळालेले तुकडे सर्वांत टिकाऊ ठरले. त्यांत पूर्ण मात्रेचा तुकडा पहिला आणि निम्म्या मात्रेचा त्याच्या खालोखाल. नाचणी म्हणजे भाजी नव्हे. भाजीपाल्याची भूक तिच्याहून मोठी असते, त्यामुळे हे निकाल टोमॅटोला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण मातीच्या आरोग्याबद्दल ते पुरेसे बोलके आहेत.

बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथे भारतीय बागायती संशोधन संस्था आहे. ती अर्का मायक्रोबियल कन्सोर्टियम नावाचे जिवाणू खत भाजीपाल्यासाठी सुचवते आणि त्यामुळे नत्र व स्फुरदाची मात्रा २५ ते ३० टक्के कमी करता येते, असे सांगते. ती शंभर टक्के म्हणत नाही. जे मोजून हाती आले तेवढेच सांगण्याचा हा संयम आपणही शिकण्यासारखा आहे.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती झाकून चालणार नाही. पूर्ण मात्रेच्या तुकड्यात उत्पादन थोडे जास्तच होते. म्हणजे खत निम्मे करणारा शेतकरी काहीतरी सोडतो आहे. प्रयोगशेतात ती फक्त आकड्यातली घट असते. घरात ती मुलीच्या शिक्षणाची फी असते.

एका झटक्यात शुद्ध

पूर्णच करायला हवे, असा आग्रह धरला तर काय होते? श्रीलंकेने २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात बंद केली आणि सारा देश एका हंगामात सेंद्रिय करण्याचे ठरवले. तेवढे शेणखत, कंपोस्ट, प्रशिक्षण काहीच तयार नव्हते. भाताचे उत्पादन घसरले, चहाला फटका बसला आणि तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली गेली. संकल्प घेणारे वेगळे होते आणि त्याची किंमत मोजणारे वेगळे. आपल्या शुद्धतेचे मोल दुसऱ्याच्या ताटातून जात असेल, तर तिला तप म्हणता येत नाही.

सिक्कीमने वेगळी वाट धरली. २००३ मध्ये संकल्प जाहीर केला, रासायनिक खतांवरील आधार टप्प्याटप्प्याने कमी केला आणि २०१६ च्या जानेवारीत राज्य पूर्ण सेंद्रिय म्हणून घोषित झाले. तिथेही अडचणी आल्या, बाजारपेठेचे प्रश्न राहिले. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की मधली बारा-तेरा वर्षे तिथले शेतकरी ‘अर्धवट’च होते. त्या वर्षांत त्यांना कोणी कमी लेखले असते, तर पुढची मजल आलीच नसती.

निम्मे केव्हा खोटे ठरते

याचा अर्थ प्रत्येक अर्धा प्रयत्न आपोआप चांगला, असा नाही. कपाटात जपमाळ ठेवून मनात व्यवहाराची गणिते करता येतात, तसे शेताच्या कडेला जीवामृताचे एक पिंप ठेवून आत नेहमीचीच मात्रा टाकता येते. अर्धा प्रयत्न खरा आहे की नाही, हे ओळखायला तीन गोष्टी पाहाव्यात असे मला वाटते.

पहिली, तो मोजलेला आहे का? माती परीक्षण करून, पाच गुंठ्यांच्या एका पट्ट्यात पाव मात्रा कमी करून, शेजारच्या पट्ट्याशी तोडे आणि वजन ताडून पाहणारा शेतकरी स्वतःला फसवत नाही. नुसता अंदाजाने खत कमी करणारा फसू शकतो, आणि अंदाजाने जास्त टाकणाराही.

दुसरी, तो जसा आहे तसा सांगितला जातो का? निम्मे रासायनिक खत वापरून पिकवलेली भाजी ‘सेंद्रिय’ म्हणून विकणे ही लबाडी आहे, मग शेणखत कितीही घातलेले असो. इथे ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समजही तपासायला हवा. कच्च्या शेणात रोगजंतू असू शकतात. कोथिंबीर, मेथी, कोशिंबिरीची पाने यांवर तोडणीच्या तोंडावर शेणाचा अर्क फवारणे खाणाऱ्याच्या आरोग्याशी खेळणे आहे. अर्क मुळाशी द्यावा, खत पूर्ण कुजलेले असावे, भाजी धुऊन घ्यावी. अहिंसेत हेही येते.

तिसरी, तो थांबला आहे की चालतो आहे? पाव मात्रा कमी करून दहा वर्षे तिथेच समाधानाने बसणे वेगळे आणि दरवर्षी सेंद्रिय कर्ब थोडा वाढवत पुढचा टप्पा पाहणे वेगळे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात असा दिलासा आहे की या वाटेवरचा थोडा प्रयत्नही व्यर्थ जात नाही. तो चालणाऱ्यासाठी आहे. बसून राहिलेल्याने त्याचा आधार घेऊ नये.

या तीन कसोट्यांवर उतरणारा निम्मा बदल हा पूर्ण प्रामाणिकपणा आहे, असे मी मामांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “बरं. पण बाजारात मला त्याचा भाव कोण देणार?”

आपल्या ताटाचा हिशेब

त्यांचे म्हणणे खरे आहे. बाजारात दोनच दर आहेत. प्रमाणपत्र असलेल्या सेंद्रिय भाजीला चढा भाव आणि बाकी सगळ्या भाजीला मंडईचा भाव. रूपांतराची दोन-तीन वर्षे, कागदपत्रे, तपासणी हे सगळे पेलणारा पहिल्या रांगेत जातो. ज्याने खत निम्म्यावर आणले, विहिरीत जाणारे नायट्रेट कमी केले, माती सुधारली, तो पूर्ण मात्रा टाकणाऱ्याच्याच रांगेत उभा राहतो. त्याच्या मेहनतीचा फायदा पाणी पिणाऱ्या सगळ्यांना होतो आणि घट एकटा तो सोसतो.

आणि आपण शहरातले लोक? बेंगळुरूची भाजी कोलार, चिक्कबळ्ळापूर, होसकोटे, मालूरहून येते. पुण्या-मुंबईची नाशिक, सातारा, सांगलीहून. प्रत्येक जुडीबरोबर त्या मातीतले नत्र, स्फुरद, पालाश शहरात येते. देठ, साली आणि उरलेले अन्न मात्र तिकडे परत जात नाही. चक्र तोडतो आपण आणि शुद्ध राहण्याचा उपदेश करतो शेतकऱ्याला.

आपल्याकडे शेतीच्या पुस्तकांत कंपोस्ट करण्याच्या दोन पद्धती शिकवतात, इंदूर पद्धत आणि बंगलोर पद्धत. ही दुसरी पद्धत डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विकसित केली. शहराचा कचरा आणि मैला खड्ड्यात थर देऊन कुजवायचा आणि खत म्हणून शेतीकडे पाठवायचा, असा तिचा हेतू होता. ज्या शहराचे नाव या पद्धतीला मिळाले, त्याच शहराचा न वेचलेला कचरा पुढे मंडूरसारख्या गावांच्या कडेला डोंगरासारखा साचला. मंडूरच्या ग्रामस्थांनी विरोध केला, तेव्हा २०१४ च्या अखेरीस तिथे कचरा टाकणे थांबवावे लागले. त्या ढिगात कितीतरी शेतांचे खत पडून होते.

म्हणून शेतकऱ्याने किती सोडले हे विचारण्याआधी आपण किती परत दिले हे विचारणे न्यायाचे होईल. आणि हा हिशेब मांडला, तर बहुतेक घरांत आपली बाजू निम्मीसुद्धा भरत नाही.

जे हाती आहे, ते लहान आहे. घरातला ओला कचरा वेगळा ठेवून त्याचे कंपोस्ट करावे. बाल्कनी नसेल तर सोसायटीत चार घरांनी मिळून करावे. तयार खत आणि त्याचा अर्क आधी स्वतःच्या कुंडीतल्या टोमॅटोला, मिरचीला घालून पाहावा, म्हणजे विरजण आणि दूध यांतला फरक कळतो. उरलेले खत जवळच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचवता येते. भाजी घेताना ‘सेंद्रिय आहे का?’ एवढेच विचारून पुढे जाऊ नये. ‘खत काय आणि किती घालता?’ असे विचारावे, आणि जो खरे सांगतो, कमी केले पण पूर्ण सोडले नाही असे मोकळेपणाने म्हणतो, त्याच्याकडून भाजी घ्यावी, चार पैसे जास्त द्यावेत. त्याचा अर्धा प्रयत्न टिकण्यासाठी दुसरा अर्धा आपल्याकडून जायला हवा.

ओल्या कचऱ्याचा डबा आज रात्रीपासून वेगळा ठेवता येईल.